मदत हवी आहे : मंडळातल्या गेलेल्या लोकांची आठवण रंगभूमी दिनाला कशी करावी?

नमस्कार मंडळी, आमचं सांगलीतलं छोटं हौशी नाट्यमंडळ आहे, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारं. 5 नोव्हेंबरला, म्हणजे 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथेच मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला त्या निमित्ताने, नटराजपूजन दरवर्षी होतंच, पण यंदा मंडळातले जे गेले त्यांच्यासाठी तासाभराचं काहीतरी करायचंय. हार घातलेले फोटो, दोन मिनिटं स्तब्धता आणि मग अध्यक्षांचं लांबलचक भाषण असलं नकोय, ती शोकसभा होते आणि तरुण पोरं मागच्या दाराने सटकतात (मी पण सटकलोय).

अडचण अशी की नटांचे फोटो ढीगभर आहेत, पण पडदा ओढणारे काका, विंगेत टॉर्च धरून प्रॉम्प्टिंग करणारे सर, मेकअपवाल्या मावशी, यांचा एकही धड फोटो नाही. सरांची संहिता मात्र आहे, समासात लाल पेनने "इथे हा हमखास विसरतो" असं नटाच्या नावासकट लिहिलेलं. तीच वाचून दाखवावी का? घरच्यांना वाईट तर वाटणार नाही ना?

दुसरं म्हणजे जुन्या प्रयोगांच्या व्हीएचएस कॅसेट आहेत, काहींच्या टेपवर पांढरी बुरशी आलीय, तशाच व्हीसीआरमध्ये घातल्या तर हेड खराब होतं म्हणे. सांगली-कोल्हापूरकडे साफ करून डिजिटल करून देणारं कोणी माहितीय का? आणि कुणी असा कार्यक्रम केला असेल तर काय जमलं, काय फसलं ते प्लीज सांगा, बजेट अगदीच बेताचं आहे.