गरोदरपणातली शुगर: पथ्य सुरू केल्यावर वजन उतरलं, हे बरं की वाईट?

पहाटवारा:
वहिनीला २७वा आठवडा चालू आहे. २५व्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासलेली साखर १५८ आली. उंची १५२ सेंमी, दिवस राहण्याआधीचं वजन ६४ किलो, तपासणीच्या वेळी ७०. भात, बटाटा, साखर बंद केल्यावर दोन आठवड्यांत काटा ६९.२ वर आला. उपाशीपोटी साखर ८८ ते ९९, जेवणानंतर दोन तासांनी ११० ते १३५. रात्री ती फक्त भाजी आणि ताक घेते. आई म्हणते, दोन जिवांची आहे, पोटभर खाऊ दे. वहिनीला वाटतं, अजून चार किलो उतरले तर इन्सुलिन टळेल. शेवटपर्यंत वजन किती वाढलेलं चालतं?

वाढतक्ता:
चार किलो उतरवायचा बेत आधी थांबवा. गरोदरपणात वजन उतरवायचं नसतं, वाढीचा वेग आवरायचा असतो.

दिवस राहण्याआधीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साधारण २७.७ येतो. अमेरिकेच्या २००९ च्या तक्त्यात २५ ते २९.९ बीएमआयला एकूण ७ ते ११.५ किलो वाढ सांगितली आहे, ३० च्या वर ५ ते ९. आपल्याकडे लठ्ठपणाची रेषा २५ वरच धरतात, कारण त्याच वजनाला आपल्या शरीरात चरबी जास्त असते. त्यामुळे वहिनींसाठी एकूण ७ ते ९ किलो हा बेत मला योग्य वाटतो. २५ आठवड्यांत ६ झालेच आहेत. म्हणजे इथून पुढे आठवड्याला पाव किलोच्या आसपास, त्याहून फार नाही.

८०० ग्रॅम उतरले त्याची लगेच भीती नको. पीठ-साखर एकदम कमी केली की शरीरातला साठा आणि त्याच्याबरोबरचं पाणी जातं, पहिल्या एकदोन आठवड्यांत असं होतं. तिसऱ्या आठवड्यातही काटा खालीच जात राहिला तर मात्र खाणं कमी पडतंय. तेव्हा लघवीतले कीटोन (खाणं कमी पडून चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) तपासा आणि सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर बघायला सांगा. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि चरबी पोटावर, खांद्यांवर साठते. प्रसूतीत खांदा अडकण्याचा धोका त्यातूनच येतो. उलट आईची उपासमार झाली तर बाळाची वाढ खुंटू शकते.

ताट_वाटी:
रात्रीची भाजी-ताक पुरेशी नाही. लांब उपास घडला की रात्री यकृत साखर सोडतं, शिवाय कीटोन वाढतात. सकाळचे ९९ कमी जेवून खाली येतीलच असं नाही.

गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं लागतात. ती अशी वाटा: नाश्त्याला ३०, दोन्ही जेवणांत ४५-४५, मधल्या तीन खाण्यांत प्रत्येकी २० च्या आसपास. मापासाठी: २५ ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे सुमारे १७ ग्रॅम, शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे २८, आणि ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे ३५. भाकरीने साखर वाढत नाही हा समज घातक आहे. दोन मोठ्या भाकऱ्या म्हणजे चार पोळ्या. नाचणीचं सत्त्व पातळ करून प्यायलं तर साखर झपाट्याने चढते, भाकरी किंवा घावन बरं.

सकाळी शरीराचा इन्सुलिनला विरोध सगळ्यात जास्त असतो, म्हणून पोह्यांची भरलेली बशी नको. दोन अंडी किंवा मटकीची उसळ आणि दीड पोळी घ्या. रात्री झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध आणि मूठभर फुटाणे.

पहाटवारा:
परवा चतुर्थी आहे. साबुदाणा चालेल का? आणि मशीनवर एकाच वेळी दोन बोटांचे आकडे वेगळे येतात.

प्रसूतिकक्ष:
उपास या वेळी करू नये. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, कोरडा ५० ग्रॅम म्हणजे ४३-४४ ग्रॅम कर्बोदकं.

मशीनच्या आकड्यांत थोडा फरक राहतोच. हात साबणाने धुऊन कोरडे करा, फळाचा रस बोटाला राहिला तरी आकडा फुगतो. बोटाच्या कडेला टोचा, पिळून रक्त काढू नका. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या खराब होतात. दोन तास पहिल्या घासापासून मोजा. लक्ष्य: उपाशीपोटी ९५ च्या खाली, दोन तासांनी १२० च्या खाली. प्रत्येक जेवणानंतर १५-२० मिनिटं चालणं, डॉक्टरांनी वार खाली असल्याचं किंवा रक्तस्रावामुळे विश्रांतीचं सांगितलेलं नसेल तरच.

दोन आठवडे पथ्य नीट पाळूनही आकडे वर राहिले तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन लागतं. सध्याचे ९९ आणि १३५ लक्ष्याबाहेर आहेत, तेव्हा वही घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. इन्सुलिन टाळायला जेवण बुडवणं ही सगळ्यात वाईट वाट. इन्सुलिनने थोडं वजन वाढू शकतं, पण बाळाला ते सोसतं.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी. एका आठवड्यात किलोभर वाढ, त्यासोबत चेहऱ्या-हातांवर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बरगडीखाली दुखणं असेल तर त्याच दिवशी बीपी तपासा. हे पाणी असतं, खाण्याशी त्याचा संबंध नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

वाढतक्ता:
एक भर. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा करायची, ती बहुतेक घरांत राहून जाते. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, गुळाची आळिवाची खीर हे सगळं रोज मिळून सुरू झालं की चढलेलं वजन उतरत नाही. लाडू दिवसाला एक, छोटा, जेवणाच्या ऐवजी नव्हे आणि जेवणावर जादा म्हणूनही नव्हे; त्या वेळच्या पोळ्या तेवढ्या कमी करा. अंगावर पाजणाऱ्या आईला उपाशी ठेवायचं नाहीच.