नव्या-जुन्या वस्तीचं जमेना, ओळख-मेळावा झाला, पुढे काय?

वाटसरू:
जुन्या वस्तीला लागून पन्नासेक नवी घरं झाली आहेत. सगळी कुटुंबं बाहेरून आलेली, निम्म्यांना इथली भाषा जेमतेम येते. मोठा मेळावा घेतला, दोनशे माणसं आली. जुने एका बाजूला बसले, नवे दुसऱ्या बाजूला, आणि जेवून आपापल्या घरी गेले. उघड भांडण नाही, पण कचरा आणि आवाजावरून कुजबुज वाढतेय. काय करावं?

उंबरठा:
मेळाव्यात असंच होणार. दोनशे जणांत माणूस आधी ओळखीचा चेहरा शोधतो. त्यापेक्षा आठ-दहा जणांचा गट करा, निम्मे जुने, निम्मे नवे, आणि हाताला काम द्या. मैदानाचं कुंपण रंगवणं, उदाहरणार्थ.

दोन गटांच्या संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायचा तर काय लागतं, याच्या मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने 1954 मध्ये चार अटी सांगितल्या होत्या: दर्जा बरोबरीचा, उद्दिष्ट एक, काम मिळून आणि अधिकार असलेल्यांचा उघड पाठिंबा. पुढे 2006 मध्ये 515 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की चारही अटी जुळल्या नाहीत तरी नुसत्या संपर्कानेही पूर्वग्रह बहुधा कमी होतो. जुळल्या तर जास्त.

प्रत्यक्षात पहिलीच अट मोडते. ब्रश जुन्यांच्या हातात, बादली नव्यांच्या. म्हणून जोड्या लावा, एक जुना एक नवा, आणि दर अर्ध्या तासाने ब्रश-बादली बदला. हिशोबाची वही आणि कुलपाची किल्लीसुद्धा आळीपाळीने.

आणि गट मोडू नका. नुकतंच गाव बदललेल्यांवर जेफ्री हॉल या संवाद-अभ्यासकांनी अभ्यास केलाय. त्यात साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास लागले. महिन्यातून एकदा दोन तास भेटलात तर वर्षाचे 24 होतात. दर आठवड्याला दोन तास धरा, सहा महिन्यांत 52.

पाणवठा:
उंबरठांचं पटतं, पण कुजबुज तशीच सोडली तर कुंपण रंगवून काही होणार नाही. एलियास आणि स्कॉटसन या समाज-अभ्यासकांनी 1965 मध्ये इंग्लंडमधल्या एका कामगार वस्तीवर लिहिलं. दोन्हीकडे कामगारच, भाषा एकच; फरक इतकाच की एक गट आधी आलेला. तरी जुने लोक नव्यांना त्यांच्यातल्या वाईट दोन-चार घरांवरून मोजत आणि स्वतःला आपल्यातल्या चांगल्या दोन-चार घरांवरून.

त्यामुळे तक्रार घेताना घर क्रमांक, तारीख, वेळ विचारा. ‘ते लोक’ असं लिहून आलं तर परत करा. निम्म्या तक्रारी तिथेच गळतात. उरलेल्या तक्रारींबद्दल त्या-त्या घराशीच बोला, वस्तीसमोर नको.

दुसरं, जुन्यांना त्यांचे न लिहिलेले नियम लिहायला बसवा. झाडाखालचा बाक संध्याकाळी त्याच चार म्हाताऱ्यांचा असतो, हे कुठेही लिहिलेलं नसतं. नवा माणूस तिथे बसतो, कोणी काही बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो ‘उद्धट’ ठरलेला असतो. लिहायला घेतल्यावर त्यातले काही नियम जुन्यांनाच पोरकट वाटतात, तेही बरंच.

वाटसरू:
भाषेचं काय? सध्या मुलंच दुभाषी होतात.

पाणवठा:
‘सहा वाजता पाणी येतं’ एवढ्यापुरतं चालेल. तक्रार, पैसे, आजारपण यांत मुलांना अजिबात मध्ये घालू नका. मूल आईबापाला झोंबणारं वाक्य गाळतं, आणि गाळलंय हे दोन्ही बाजूंना कळत नाही. प्रौढ दुभाषी घ्या, एका वेळी एकच वाक्य बोला, शेवटी ऐकणाऱ्याला काय ठरलं ते त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. नुसती मान हलली म्हणजे समजलं, असं धरू नका.

चौकट:
जागेचंही बघा. सूचनाफलक जुन्यांच्या सभागृहात असेल तर नवे तिथे जाणार नाहीत. दोघांच्या रोजच्या वाटेवर लावा. 1950 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी-घरांचा अभ्यास छापला गेला, त्यात खालच्या मजल्यावर जिन्यालगत राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख निघाली. जाता-येता गाठ पडायची, एवढंच कारण. अर्थात जवळीक दुधारी असते, रोजची खुन्नसही शेजाऱ्याशीच होते. कचऱ्याचा डबा म्हणूनच फलकाजवळ नको.