शब्दचर्चा: ‘ऑक्साइड’ला मराठीत काय म्हणावं?

परभणी: २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला महाविद्यालयात गावकऱ्यांसाठी मराठी तक्ते लावायचे आहेत. विषय ऑक्साइडांवरचं संशोधन, म्हणजे बॅटऱ्या, मोबाइलचे पडदे, पाण्यापासून हायड्रोजन. शब्द ‘ऑक्साइड’च ठेवावा, की ‘गंज’, ‘भस्म’ यांतलं काही चालेल?

नांदेड: ‘गंज’ नको. आमच्याकडं गंज म्हणजे पातेलं. ‘गंजात दूध तापायला ठेव’ असं घरोघरी म्हणतेत. लोखंडाला चढतो तो जंग.

लातूर: नांदेडकर दादांचं बरोबर आहे, पण अडचण त्याहून मोठी आहे. गंज म्हटलं की धातू वाया गेला हेच मनात येतं. ॲल्युमिनिअमवर हवेत आपोआप काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो आणि तोच खालच्या धातूला राखतो. त्याला गंज कसं म्हणणार? लोखंडाचा गंज पाणी धरून असतो, म्हणून पोपडे सुटतात. संशोधनातलं हेमटाइट हे लोखंडाचंच ऑक्साइड, पण कोरडं. त्याच्या पातळ थरावर ऊन पाडून पाण्यातून हायड्रोजन काढायचे प्रयत्न चालू आहेत. १९७२ मध्ये जपानी शास्त्रज्ञ फुजिशिमा आणि होंडा यांनी हा मार्ग टायटॅनिअम डायऑक्साइड वापरून दाखवला होता. ते मुख्यतः अतिनील किरणच शोषतं. हेमटाइट दृश्य प्रकाशही शोषतं, म्हणून त्याच्यावर एवढी मेहनत चालली आहे.

अंबाजोगाई: ‘भस्म’चं सांगतो. वैद्यांचं जसद भस्म म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइडच, त्यामुळं शब्द परका नाही. तरी माझं मत विरोधात आहे. भस्म हे ठरावीक संस्कार करून, पुटं देऊन (म्हणजे बंद भांड्यात पुन्हापुन्हा भाजून) केलेलं औषध. तक्ता वाचून प्रयोगशाळेतली पूड आणि औषध एकच, असा समज झाला तर घातक ठरेल.

छत्रपती संभाजीनगर: मी प्रयोगशाळेत ऑक्साइडचे असे पातळ थर बनवते. झिंक ॲसिटेटचं द्रावण साधारण ४०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या काचेवर बारीक फवारायचं. पाणी उडून जातं, ॲसिटेट मोडतं आणि काचेवर झिंक ऑक्साइड बसतं. समोरून पाहिली तर काच आरपार दिसते, तिरकी धरली की हिरवट-जांभळी झाक मारते. त्यात किंचित ॲल्युमिनिअम घातलं की थरातून वीज चांगली वाहते. मोबाइलच्या पडद्यात याच कामाला इंडियम टिन ऑक्साइड वापरतात. हातात अशी काच धरल्यावर गंज किंवा भस्म हा शब्द तोंडात येतच नाही. ‘ऑक्साइड’च ठेवा सर. फक्त पहिल्यांदा येईल तिथं ‘धातू आणि ऑक्सिजन यांचं संयुग’ एवढं जोडा.

परभणी: ताई, आभार. तसंच करतो. बॅटरीच्या तक्त्यावर लिथियम कोबाल्ट ऑक्साइड घेतोय, शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांचं १९८० चं काम. अनेकवचन कसं करू?

लातूर: ‘संयुगे’सारखं ‘ऑक्साइडे’. ‘अर्धसंवाहक’ लिहिलंत तर शेजारी ‘सेमीकंडक्टर’ही द्या, नाहीतर पोरं अडतील.

छत्रपती संभाजीनगर: आणि डोपिंगला ‘भेसळ’ लिहू नका. भेसळीत फसवणूक आली. इथं गुण यावा म्हणून मोजून दुसरा अणू घालतो. ‘डोपिंग’च लिहा.