हॉक्सबी४ घालून रक्ताच्या मूळपेशी वाढवाव्यात का?

दापोलीकर
मूळपेशी, म्हणजे ज्यांतून सगळं रक्त बनतं त्या पेशी, बाळाच्या नाळेच्या रक्तातून देता येतात; पण हे प्रत्यारोपण मोठ्या माणसाला अडतं ते हिशेबावर. किलोमागे किमान अडीच कोटी केंद्रकवाल्या पेशी लागतात, म्हणजे ६० किलोला १५० कोटी. साठवलेल्या नाळेच्या रक्ताच्या बऱ्याच पिशव्या तिथेच बाद. हॉक्सबी४ जनुक जास्त चालवलं की उंदराच्या मूळपेशी बशीत सुमारे ४० पट होतात, हे २००२ पासून माहीत आहे. मग घाला ना! घाबरायचं कशाला?

वेंगुर्लेकरीण
माका पटणा नाय. उंदराचं आयुष्य केवढं, त्यावरून माणसाचं ठरवताय? हॉक्सबी४ रेट्रोव्हायरसने (पेशीच्या डीएनएत जनुक घुसवणारा विषाणू) कायमचं बसवून कुत्र्यांना आणि माकडांना पेशी दिल्या, तर साधारण दोन वर्षांनी बहुतेकांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. २००८ सालीच छापून आलंय. बियाण्याची मुडी जपावी हे खरं, पण भात कांडायचंच नाही म्हटलं तर घरात शिजणार काय? मूळपेशी नुसत्या वाढत राहिल्या आणि त्यांतून रक्तच बनलं नाही, तर उपयोग काय?

दापोलीकर
त्या कुत्र्यांत व्हायरस सी-मिब, पीआरडीएम१६ असल्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांशेजारी जाऊन बसला होता, तेही सांगा की. जनुक न घालता नुसतं त्या जनुकाचं प्रथिन दिलं तरी चार दिवसांत चार-सहा पट वाढ मिळाली होती. प्रथिन लवकर विरतं, काही तासांनी पुन्हा घालत राहावं लागतं. कटकट आहे, पण मागे काही उरत नाही.

गुहागरी
दोघेही वाढीवरच भांडताय, ब्रेककडे कोण बघतंय? बीएमआय१ हे जनुक काढलं की पी१६ आणि पी१९ ही विभाजन थांबवणारी प्रथिनं मोकाट सुटतात. गर्भाच्या यकृतात मूळपेशी ठीक दिसतात, जन्मानंतर मज्जेत (हाडांच्या आतल्या मगजात) आटतात. विभाजनाला आवर घालणारं जीएफआय१ जनुक काढलं तर उलटं: पेशी जास्त वेळा विभागतात, पण दुसऱ्या उंदरात घातल्या की तग धरत नाहीत. तरवा दाट आला म्हणून लावणी साधतेच असं नाही.

आणि मोजता कसं? हॉक्सबी४चे ४० पट निदान उंदरांत रोपून मोजले होते. नुसती सीडी३४ (पेशीच्या पृष्ठभागावरची खूण) असलेल्या पेशी मोजू नका, त्यातल्या बहुतेक पेशी आधीच पुढच्या वाटेला लागलेल्या असतात. थ्रोम्बोपॉएटिन आणि एससीएफ ही वाढवणारी प्रथिनं घातलेल्या माध्यमात हा आकडा आठवड्याभरात फुगतो, खऱ्या मूळपेशी मात्र घटू शकतात. किरणांनी मज्जा मारलेल्या उंदरांना वेगवेगळ्या मात्रेत पेशी द्या, १६ आठवडे थांबा, लिम्फॉइड आणि मायलॉइड, म्हणजे रक्तपेशींचे दोन मुख्य वंश, दोन्ही दिसतात का बघा. मग त्याच मज्जेतल्या पेशी दुसऱ्या उंदरात रोपून पुन्हा बघा. पेशी माणसाच्या असतील तर प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर घ्या.

वेंगुर्लेकरीण
दुसऱ्या उंदराचा तक्ता नसेल तर मी तो लेख बाजूला ठेवते.

दापोलीकर
ठीक. मग २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या, निकोटिनामाइडमध्ये (बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) वाढवलेल्या नाळेच्या पेशींचं काय? न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साध्या नाळेत २२ दिवसांनी परतले, इथे १२ दिवसांत.

वेंगुर्लेकरीण
त्यात जनुक कुठे घातलंय? माझंच म्हणणं झालं की. आणि त्याच नाळेतला न वाढवलेला, टी-पेशींचा (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा) भाग सोबत देतात, तेही हिशेबात धरा.