पापणीचा सिग्नेट रिंग / हिस्टिओसायटॉइड कार्सिनोमा : बायॉप्सीचा रिपोर्ट आलाय, पुढचा क्रम काय ठेवावा?

नेत्रकक्ष विचारतात :

नमस्कार. पापणीतल्या घर्मग्रंथींचा हा दुर्मिळ कॅन्सर हाताळलेल्यांकडून मार्गदर्शन हवे आहे.

रुग्ण पुरुष, साठी उलटलेले. डाव्या डोळ्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही पापण्या वर्षभरात हळूहळू जाड होत गेल्या. गाठ अशी कुठेच लागत नाही. पापणी चिमटीत धरली तर कातडी सुटी उचलली जात नाही, आतल्या टार्ससला (पापणीचा कणखर पट्टा) चिकटल्यासारखी सगळी एकसंध, घट्ट रबरासारखी लागते. खालच्या पापणीचे बाहेरच्या बाजूचे केस गळालेत. डोळा वर आणि बाहेर पुरता वळत नाही आणि उजव्यापेक्षा २ मिमी आत ओढला गेलाय. नजर ६/९. आधी कॅलेझिऑन (पापणीतली साधी तेलग्रंथीची गाठ) म्हणून खरवडणे, मग ब्लेफरायटिसचे (पापणीच्या कडेच्या दाहाचे) उपचार, मग स्टिरॉइड, असे सगळे होऊन गेले आहे. शेवटी पूर्ण जाडीची वेज (पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून) बायॉप्सी केली. रिपोर्ट : "सिग्नेट रिंग पेशी असलेला, हिस्टिओसायटॉइड स्वरूपाचा ॲडिनोकार्सिनोमा. सीके७ पॉझिटिव्ह, सीके२० निगेटिव्ह. प्राथमिक की मेटास्टॅसिस हे क्लिनिकली ठरवावे."

मोठ्या केंद्रात पाठवणारच आहे. त्याआधी इथे काय करून ठेवावे? घरच्यांचा पहिला प्रश्न डोळा वाचेल का हाच आहे. त्यांना काय सांगू?

पेशीजाल :

डॉक्टर, रिपोर्टमधले शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे : कॅन्सर इथलाच की दुसऱ्या अवयवातून पसरलेला (मेटास्टॅसिस). पापणीच्या घर्मग्रंथीतून निघालेला हा कॅन्सर, स्तनाचा लोब्युलर कॅन्सर आणि जठराचा सिग्नेट रिंग कॅन्सर हे मायक्रोस्कोपखाली सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. नुसत्या स्लाइडवरून "हा पापणीचाच" असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सीके७ पॉझिटिव्ह, सीके२० निगेटिव्ह (पेशीचा उगम सुचवणारी दोन प्रथिने) या जोडीवर निर्धास्त होऊ नका, जठराचा कॅन्सरही तसा असू शकतो. त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेला बायॉप्सीचा तुकडा) ईआर, पीआर, एआर (हे तीन हार्मोन रिसेप्टर), जीसीडीएफपी-१५, गाटा३ आणि सीडीएक्स२ या प्रथिनांच्या चाचण्या करून घ्या. सीडीएक्स२ पॉझिटिव्ह आले तर पोटाकडे बोट जाते. ईआर आणि गाटा३ मात्र घर्मग्रंथी आणि स्तन दोन्हींत पॉझिटिव्ह येतात, दोन्ही ग्रंथी एकाच घराण्यातल्या. त्यावरून या दोघांत निवाडा होत नाही. तो तपासण्यांनीच करावा लागतो : जठराची एंडोस्कोपी, दोन्ही स्तन आणि काखा हाताने तपासणे (पुरुषातही), स्त्री रुग्ण असेल तर मॅमोग्राफी, आणि पेट-सीटी (ग्लुकोज खेचणाऱ्या पेशी दाखवणारा सगळ्या शरीराचा स्कॅन). पेट स्वच्छ आला म्हणून एंडोस्कोपी गाळू नका. सिग्नेट रिंग पेशी ग्लुकोज कमी खेचतात, त्यामुळे जठरातला आजार पेटवर निसटू शकतो.

इतके दिवस निदान का चुकले तेही सांगतो. या पेशी एकेकट्या किंवा मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागून एक, कोलॅजनच्या धाग्यांमधून वाट काढत जातात. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन अनेकदा हरवलेले असते, म्हणून गाठ न बनता सगळी पापणी शिवणीसारखी आतून आवळली जाते. काही पेशींत म्युसिनचा थेंब साठून केंद्रक कडेला ढकलले जाते आणि खड्याच्या अंगठीचा आकार होतो. बाकीच्या फिकट, फेसाळ, हुबेहूब हिस्टिओसाइटसारख्या (दाहात जमणाऱ्या भक्षक पेशी), म्हणून हिस्टिओसायटॉइड. कॅलेझिऑन खरवडून निघालेल्या चार तुकड्यांत त्या आल्या तरी "जुनाट दाह" म्हणून सुटतात. सायटोकेराटिन (कार्सिनोमाच्या पेशींची खूण) पॉझिटिव्ह आणि सीडी६८ (हिस्टिओसाइटची खूण) निगेटिव्ह, एवढ्याने उलगडा होतो. तेव्हाचे खरवडलेले ऊतक तपासणीला गेले असेल तर तो ब्लॉकही शोधून पाठवा.

एक गल्लत टाळा. म्युसिनस कार्सिनोमा हा पापणीच्या घर्मग्रंथीचाच, पण वेगळा आजार. त्यात म्युसिनच्या तळ्यात पेशींचे पुंजके तरंगतात, हाताला गाठ लागते आणि वागणूक बरीच सौम्य असते. नेटवर त्याची माहिती वाचून घरच्यांना खोटा दिलासा मिळतो.

मेणाचे ब्लॉक आणि एच-ई (नेहमीच्या रंगाने रंगवलेल्या) स्लाइड दोन्ही सोबत द्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. ब्लॉक तापलेल्या गाडीत राहू देऊ नका. पुन्हा बायॉप्सी करावी लागली तर तुकडा फोर्सेप्सने चिरडू नका, सलाइनमध्ये ठेवू नका. १०% बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या किमान १० पट. ईआर-पीआर विश्वासार्ह यायला ६ ते ७२ तास फिक्सेशन (फॉर्मलिनमध्ये मुरणे) हवे.

खोबण-शल्य :

वरचे सगळे मान्य. शस्त्रक्रियेच्या बाजूने लिहितो.

डोळा आत ओढला जाणे आणि हालचाल अडणे, ही दोन चिन्हे पाहता आजार पापणीपुरता राहिलेला नाही असे धरून चाला. डोळ्याच्या खोबणीत (ऑर्बिट) शिरलेला असेल तर एजेसीसी (कॅन्सरचे टप्पे ठरवणारी वर्गवारी) आठव्या आवृत्तीप्रमाणे टी४ए, हाडात किंवा सायनसमध्ये गेला असेल तर टी४बी. इथे गाठीच्या सेंटिमीटरमधल्या आकाराला फारसा अर्थ उरत नाही.

एमआरआय ऑर्बिट गॅडोलिनियमसह (शिरेतून द्यायचे स्कॅनचे औषध), फॅट सप्रेशन केलेल्या (चरबीचा उजेड दाबलेल्या) टी१ कापांसह, ३ मिमी किंवा त्याहून पातळ. फॅट सप्रेशन नसेल तर खोबणीतल्या चरबीच्या पांढऱ्या उजेडात आजार लपतो आणि स्कॅन पुन्हा करावा लागतो, तेव्हा मागणीपत्रावर हे शब्दांत लिहा. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहा. सुप्राऑर्बिटल आणि इन्फ्राऑर्बिटल नर्व्हचा (कपाळाची आणि गालाची संवेदना नेणाऱ्या) मार्ग कॅव्हर्नस सायनसपर्यंत (खोबणीमागे, कवटीत) बघायला सांगा. कपाळ किंवा गाल बधिर झालाय का, हे तुम्ही कापसाच्या टोकाने आताच तपासू शकता. हाडासाठी सीटी वेगळा. कानासमोरचा पॅरोटिड (लाळग्रंथी) आणि मानेची सोनोग्राफी, संशयित गाठीतून एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी).

घरच्यांना अर्धवट सांगू नका. दुसऱ्या अवयवातला उगम नाही असे ठरले आणि खोबणीत आजार असल्याचे सिद्ध झाले, तर बरे करण्याच्या हेतूने सुचवली जाणारी शस्त्रक्रिया बहुधा एक्सेंटरेशन असते : पापण्या, डोळा आणि खोबणीतले सगळे ऊतक पेरिऑस्टियमसकट (हाडावरचे आवरण) काढणे. ६/९ दिसणारा डोळा काढायचा, हे पचवायला वेळ लागतो. एका भेटीत होकार मागू नका. आणि उलट, तो मेटास्टॅसिस निघाला तर डोळा काढण्याने मूळ आजार जात नाही, उपचाराची दिशाच बदलते. म्हणून एंडोस्कोपीआधी शस्त्रक्रियेची तारीख घेणे चूक.

नेत्रकक्ष :

मनापासून आभार. दोन शंका. थिएटरमध्येच फ्रोझन सेक्शनने (ऊतक गोठवून लगेच केलेली तपासणी) कडा तपासत गेले तर थोडक्यात काढून डोळा राखता येणार नाही का? आणि डोळा न काढता नुसते रेडिएशन?

खोबण-शल्य :

फ्रोझनवर इथे भिस्त ठेवू नये. दाट तंतुमय ऊतकात विखुरलेली एकेक फिकट पेशी गोठवलेल्या कापात दिसत नाही. कडा "मोकळी" सांगितली जाते आणि आठवड्याने पॅराफिन (मेणात बसवलेल्या) कापांत सीके७चा रंग दिल्यावर पेशी सापडतात. आजार खरोखर पापणीपुरता असेल तर टप्प्याटप्प्याने जावे : काढलेल्या भागाच्या कडा दिशा खुणावून पॅराफिनला द्यायच्या, जखम झाकून कॉर्नियाला मलम लावून ठेवायचे, आणि कडा मोकळ्या आल्यावरच पापणी बांधायची. आधी पापणी बांधून मग रिपोर्टची वाट पाहिली, तर फ्लॅपखाली (पापणी बांधायला सरकवलेली कातडी) आजार गाडला जातो. कंजंक्टायव्हाचे (पापणीच्या आतले आणि डोळ्यावरचे पातळ आवरण) चारी बाजूंनी लहान तुकडे घेऊन नकाशा करणेही तितकेच गरजेचे. तुमच्या रुग्णात हालचाल अडलेली आहे, म्हणून या वाटेची आशा कमी.

किरणमात्रा :

दुसऱ्या शंकेबद्दल. शस्त्रक्रियेनंतरचे रेडिएशन साधारण ६० ग्रे (किरणमात्रेचे एकक), रोज २ ग्रे प्रमाणे ३० बैठका, आठवड्याला ५, म्हणजे ६ आठवडे. कडेला आजार उरला असेल तर ६६ पर्यंत. ग्राफ्ट (लावलेली कातडी) धरला आणि जखम भरली की सुरू करतात, शस्त्रक्रियेनंतर ६ आठवड्यांच्या आसपास.

डोळा जागेवर ठेवून एवढीच मात्रा संपूर्ण खोबणीला दिली तर डोळा राहतो, नजर राहीलच असे नाही. अश्रुग्रंथी सुकते, मोतीबिंदू होतो, कॉर्निया कोरडा पडून दुखतो. साधारण ५० ग्रेच्या पुढे रेटिनाची आणि ५४–५५ च्या पुढे ऑप्टिक नर्व्हची हानी महिन्या-वर्षांनी उघड होते. आणि हा आजार किरणांना फारसा दाद देणारा नाही. शस्त्रक्रिया शक्यच नसेल किंवा रुग्णाने विचारपूर्वक नाकारली असेल, तर नुसते रेडिएशन हा आजार रोखून धरण्याचा प्रयत्न आहे, हे स्पष्ट लिहून द्यावे. ईआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनविरोधी औषधाचा विचार होतो, पण आजार इतका दुर्मिळ की त्यामागे मोठ्या चाचण्यांचा आधार नाही. शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून ते देऊ नये.

सिलिकॉन-मुखवटा :

एक्सेंटरेशननंतरचे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. कृत्रिम डोळा-पापणी सिलिकॉनची बनते आणि चष्म्याच्या फ्रेमवर, वैद्यकीय चिकटद्रवाने किंवा हाडातल्या इम्प्लांटवरच्या चुंबकांनी बसते. रेडिएशन दिलेल्या हाडात इम्प्लांट सुटण्याचा धोका जास्त, म्हणून ती चर्चा रेडिएशनआधी करा. माप घाईने घेऊ नये. पोकळी आकसते आणि कडांना फट पडते. रेडिएशन संपून कातडी शांत झाल्यावर माप घ्यावे. ऊन-घामाने रंग उतरतो, साधारण दीड-दोन वर्षांनी नवे लागते.

पोकळी रोज सलाइनने भिजवावी. खपल्या मऊ झाल्यावर कापसाने उचलाव्यात, ओरबाडू नयेत. नाक शिंकरताना पोकळीतून हवा आली तर नाकाकडे भोक पडलेय, दाखवून घ्या. वाकल्यावर पाण्यासारखा स्वच्छ द्रव ठिबकला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो.

उरलेल्या डोळ्याला पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा कायम, नंबर नसला तरी. खोलीचा अंदाज जातो : पाणी ओतताना तांब्याची कड पेल्याला टेकवून ओतायला शिकवा, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना रंगीत पट्टी लावा, रस्ता ओलांडताना मान पूर्ण डावीकडे वळवायची सवय लावा.

नेत्रकक्ष :

एंडोस्कोपी आणि एमआरआय या आठवड्यात करून घेतो, ब्लॉक मागवले आहेत. कपाळ आणि गालाची संवेदना आजच तपासली, दोन्हीकडे सारखी आहे. अपंगत्व प्रमाणपत्राचे काय? आणि नंतरची तपासणी इथे मला करता येईल का?

खोबण-शल्य :

एक डोळा गेला आणि दुसरा उत्तम असेल तर ३०% धरतात. ४०% ची अट असलेल्या सवलती मिळत नाहीत, हे आधीच सांगा म्हणजे त्यांची खेप वाया जाणार नाही. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हे केंद्र आणि ही शस्त्रक्रिया बसते का, ते तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारायला सांगा.

तपासणी तुम्हीच करा, त्यांना जवळही पडेल. पहिली दोन वर्षे दर ३ महिन्यांनी, पुढे ६ महिन्यांनी, आणि पाच वर्षांवर थांबू नका, हा आजार उशिरा परततो. पोकळीची कड बोटाने चाचपा, नव्याने घट्ट झालेली जागा दिसली की बायॉप्सी. कानासमोर आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंनी बोटे फिरवा. उजव्या डोळ्याच्या पापण्याही दर वेळी चिमटीत धरून बघा.