मदत हवी आहे: फौंड्रीच्या धोरणासाठी नेमकं कोणतं फ्रेमवर्क?

मंडळी, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या ग्रे आयर्न (बिडाचं ओतकाम करणाऱ्या) फौंड्रीचं पुढच्या तीन वर्षांचं धोरण लिहायचं आहे. उलाढाल 30 कोटींच्या आसपास. त्यातली साठ टक्के एकाच ट्रॅक्टर कंपनीची, बाकी पंप-व्हॉल्ववाल्यांची. प्रश्न असा: स्वतःचं मशीन शॉप (ओतलेले भाग कापून-घासून नेमक्या मापाला आणणारं) टाकायचं, की तोच पैसा नवीन गिऱ्हाईक धरण्यात घालायचा? सल्लागाराने स्वॉट (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके), पेस्टेल (बाहेरच्या परिस्थितीचा आढावा), पोर्टर (उद्योगातल्या पाच स्पर्धाशक्ती), बीसीजी (धंद्यांची चार चौकटींत वाटणी), बॅलन्स्ड स्कोअरकार्ड (कामगिरी मोजायचा तक्ता) असे सगळे तक्ते पाठवलेत. यातलं काय ठेवू, काय सोडू?

हिशेबनीस:
तक्ते बाजूला ठेवा, आधी कास्टिंगवार (ओतलेल्या प्रत्येक भागाचं) कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे विक्रीतून बदलता खर्च वजा जाता उरणारी रक्कम, काढा. आणि ते विकलेल्या किलोवर काढू नका. भट्टी अपुरी पडत असेल तर ओतलेल्या किलोवर काढा. समजा 'अ' कास्टिंगला किलोमागे 30 रुपये सुटतात आणि यील्ड (ओतलेल्या धातूपैकी कास्टिंग म्हणून उरणारा भाग) 75 टक्के आहे, तर ओतलेल्या किलोमागे 22.50. 'ब'ला 36 सुटतात पण यील्ड 55 टक्के, म्हणजे 19.80. दरपत्रकावर 'ब' भारी दिसतो, भट्टीच्या दृष्टीने 'अ'. अडचण मोल्डिंगची (वाळूचे साचे करण्याची) असेल तर हाच हिशेब साच्याच्या दर बॉक्सवर करायचा. रिजेक्शन वजा करायला विसरू नका. हे आकडे हातात नसताना भरलेलं कुठलंही फ्रेमवर्क म्हणजे नुसता निबंध.

साचेकार:
बीसीजी सोडूनच द्या. 1970 च्या सुमाराला ते अनेक धंदे असलेल्या मोठ्या कंपन्यांसाठी निघालं. त्याचा एक अक्ष सापेक्ष बाजारहिस्सा (मोठ्या स्पर्धकाच्या तुलनेत आपला हिस्सा) हा आहे. 30 कोटींच्या फौंड्रीचा हिस्सा सगळीकडेच नगण्य, त्यामुळे चांगलं चाललेलं कामसुद्धा 'बंद करा'च्या चौकटीत पडू शकतं.

पोर्टर (1979) ठेवा, पण तो उद्योगाला लावायचा असतो, आपल्या कंपनीला नाही. इथेच बहुतेक जण घसरतात. शिवाय ट्रॅक्टर आणि पंप यांचे तक्ते वेगळे करा. गिऱ्हाइकाची ताकद तपासताना तीन गोष्टी बघा: पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा करतात तो नमुना) कोणाच्या मालकीचा, पिग आयर्न-स्क्रॅपचे भाव वाढल्यावर दरवाढ किती महिन्यांनी मिळते, आणि दुसऱ्या फौंड्रीकडे जायचं तर पहिला नमुना ते पीपॅप (नियमित उत्पादनाआधीची भागाची मंजुरी) त्यांना किती वेळ लागेल. पॅटर्न त्यांचा असेल तर ते उचलून नेऊ शकतात. मंजुरीला वेळ लागत असेल तर तेवढी ताकद तुमची.

धागाकर्ता:
पॅटर्न त्यांचेच आहेत. मग मशीन शॉप टाकलं की पकड वाढेल ना?

साचेकार:
तुमची त्यांच्यावर थोडी वाढेल, त्यांची तुमच्यावर जास्त. इथे अ‍ॅन्सॉफ (1957) लावा: जुनं-नवं उत्पादन आणि जुनं-नवं गिऱ्हाईक अशा चार चौकटी. मशीन शॉप म्हणजे जुन्याच गिऱ्हाइकाला नवीन उत्पादन. साठाचे सत्तर टक्के व्हायचे. एकावर अवलंबून असणं हा त्रास असेल तर उत्तर नव्या गिऱ्हाइकाच्या चौकटीत आहे. दर पुरत नाही हा त्रास असेल तरच मशिनिंगचा विचार करा. प्रत्येक चौकटीत तीनच आकडे लिहा: गुंतवणूक, नियमित ऑर्डर सुरू होईपर्यंतचे महिने, आणि तोवर अडकणारं खेळतं भांडवल.

हिशेबनीस:
एक पुरवणी. मशिनिंगनंतर ब्लोहोल (कास्टिंगमधली वायूची पोकळी) निघालं की गिऱ्हाईक मशिनिंगचा खर्चही डेबिट करतं, म्हणजे तुमच्या बिलातून कापतं. मागच्या बारा महिन्यांच्या डेबिट नोटा बेरीज करा. रक्कम मोठी असेल तर आधी वाळू आणि गेटिंग (साच्यात धातू शिरायच्या वाटा) सुधारा, ते मशीन शॉपपेक्षा स्वस्त पडेल.

खेळतं भांडवल मोजताना 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 43बी(एच)चा नियम बघा: उद्यम (सरकारी लघुउद्योग) नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास कमाल 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत दिले नाहीत, तर गिऱ्हाइकाला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. मध्यम उद्योगांना हे लागू नाही. लघुची मर्यादा एप्रिल 2025 पासून 100 कोटी उलाढाल आणि 25 कोटी गुंतवणूक आहे, म्हणजे उलाढालीची तुम्हाला चिंता नाही.

धागाकर्ता:
आणि स्वॉट, पेस्टेल?

साचेकार:
पेस्टेल अर्ध्या पानात: वीजदर, पाऊसमान (ट्रॅक्टरची मागणी त्यावर हलते), वापरलेल्या वाळूची विल्हेवाट. स्वॉट सगळ्यात शेवटी, आणि ज्या मुद्द्याला आकडा नाही तो खोडायचा. 'अनुभवी कामगार' हे बलस्थान नव्हे, 'कोअरचं (पोकळ जागेसाठी साच्यात ठेवायच्या वाळूच्या गाभ्याचं) रिजेक्शन अमुक टक्के' हे आहे. स्कोअरकार्डला निर्णय झाल्याशिवाय हात लावू नका.