मदत हवी आहे: थांबणे आणि टाळणे यांतला फरक कसा ओळखावा?

सप्रेम नमस्कार. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या कारभाराच्या सभेत मतदान होत नाही. मौनातून ज्याला शब्द सुचेल तो बोलतो आणि एकवाक्यता झाली नाही, तर विषय पुढच्या सभेवर जातो. ‘वाट उघडेल’ हा त्यांचा भरवसा मला फार जवळचा वाटतो. पण एका ठिकाणी मी अडखळते. अठराव्या शतकातले अमेरिकेतले क्वेकर जॉन वुलमन गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरोघरी जाऊन विनवत राहिले. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ मध्ये गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना कारभारातून दूर केले, मात्र गुलाम बाळगण्यावर बंदी यायला १७७६ उजाडले. तोवर वुलमन वारले होते. आणि त्या १८ वर्षांची किंमत मोजली ती गुलामांनी.

हे विचारण्याचे कारण घरचे आहे. ८२ वर्षांच्या बाबांच्या शस्त्रक्रियेबद्दल आम्हा तिघा भावंडांचे एकमत होत नाही. रोज संध्याकाळी आम्ही त्यांच्या पलंगाशी गप्प बसतो. बाबा चादरीची कड बोटांनी चाळवत राहतात.

क्वेकर शिक्षिका मार्जरी साइक्स सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचे काम करत. त्यांच्या सहवासातले किंवा अशा सभेत स्वतः बसलेले कोणी इथे असल्यास कृपया सांगावे: आता थांबणे पुरे, हे तिथे कोण आणि कशावरून ठरवते?